अप्पांनी मोडलेली भाकरी

उमरीची एस.टी. फाट्यावर येऊन उभी राहिली, तेव्हा अप्पांनी आमच्या चर्चची किल्ली मार्थाकाकूंच्या हातात दिली. काकूंनी ती पदराच्या टोकाला बांधली आणि म्हणाल्या, "दादा, तुमी चाल्लाव. आता आजाऱ्याजवळ कोण बसंल?" अप्पा म्हणाले, "तुमी बसा. परार्थना तुमालाबी येतीय." मग ते ट्रंक टपावर चढवायला गेले. मंडळीतलं दुसरं कुणी निरोप द्यायला आलं नव्हतं. मी तेव्हा सातवीत होते आणि मला सगळ्यांचाच राग आला होता.

तुमच्यापैकी जे गावात राहिले आणि जे पुढं पुण्याला, हैदराबादला पांगले, ते सगळे म्हणतात की दुष्काळानं आमचं गाव सुटलं. दुष्काळ होताच. विहिरीच्या तळातला गाळ ओला दिसला तरी बायका तिथं घागर घेऊन बसायच्या. पण तो सगळ्यांनाच होता. आम्ही निघालो ते एका भाकरीच्या तुकड्यापायी. हे एकदा नीट सांगते, म्हणजे उगाच पावसाच्या नावानं खडे फोडणं तरी थांबेल.

माझे बाप, अप्पा, मंडळीचे 'वडील' होते, म्हणजे गावातल्या चर्चचे कारभारी. रविवारची उपासना चालवायची, भांडणं मिटवायची, दुखण्याखुपण्यात उशाशी बसून प्रार्थना करायची, हे त्यांचं काम. त्यांच्या प्रार्थनेनं माणसाला उतार पडतो, त्यांना ते कृपादान आहे, असं लोक म्हणायचे. अप्पांना ते आवडायचं नाही. "दान माजं न्हाई," ते म्हणायचे, "मला निस्तं राखाया दिलंय." पण प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि रस, द्यायचा अधिकार त्यांना नव्हता. तो दीक्षा झालेल्या पाळकांचा. आमचे पाळकसाहेब नांदेडहून यायचे, भाकर मोडायचे, भिजवलेल्या मनुकांचा रस द्यायचे आणि दुपारच्या गाडीनं परत जायचे.

त्या वर्षी आई अंथरुणाला खिळली. अप्पांनी रोज प्रार्थना केली आणि तिला उतार पडला नाही. ज्याच्या हाताला गुण आहे म्हणून परगावची माणसं यायची, त्याच्या घरात हे झालं. आईनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तिनं एकच मागितलं, "मला परभूभोजन द्या." अप्पांनी नांदेडला निरोप धाडला, मग पुन्हा धाडला. पाळकसाहेबांकडं दुष्काळात कितीतरी गावं, कितीतरी मरणं. त्यांना यायला जमेना आणि आईला थांबणं जमेना.

शेवटी एका सकाळी अप्पांनी हातपाय धुतले, टोपलीतली ज्वारीची भाकरी घेतली. मनुका कुठल्या मिळायला? मार्थाकाकूंनी गुळाचं पाणी केलं. अप्पांनी भाकरी मोडली, आईच्या तोंडात तुकडा ठेवला, एक मला दिला, आणि पाळक म्हणतात ते शब्द म्हणाले. आईचा चेहरा निवला. दुसऱ्या दिवशी ती गेली.

पुढं मंडळीची बैठक बसली. पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते, हे मला आज कळतं. ते अजिजीनं म्हणाले, "चूक झाली एवढं म्हणा, विषय मिटला." अप्पा म्हणाले, "नेम मोडला, कबूल हाय. चूक झाली, हे न्हाई म्हणता यायचं. ती उपाशी गेली असती." ते प्रभुभोजन म्हणून धरायचं नाही, असं बैठकीत ठरलं, आणि अप्पांचं वडीलपण गेलं. ज्यांच्या उशाशी ते बसले होते, त्यांनीच त्यांच्याविरुद्ध हात वर केले. तुम्हीही त्यात होता, तुम्हाला माहीत आहे.

आम्ही लातूरला आलो. लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्या बांधल्या जात होत्या. अप्पांना एका बांधकामावर पहारेकरी म्हणून लावून घेतलं. तिथल्या चर्चमध्ये क्लार्क, नर्सा, मास्तर, सगळी बदली होऊन आलेली माणसं. पंखे होते, माइक होता, कमिटीची निवडणूक व्हायची. अप्पा शेवटच्या बाकावर बसायचे. त्यांच्याबद्दल कुठूनसं ऐकून एक बाई आजारी लेकरू घेऊन आली, तर म्हणाले, "ते काम आता माज्याकडं न्हाई." ती गेल्यावर मात्र खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून किती तरी वेळ बसले. आणि दर महिन्याला प्रभुभोजनाची थाळी बाकावरून सरकत त्यांच्यापर्यंत आली की ते ती तशीच पुढं द्यायचे. मी एकदा चिडून विचारलं, तेव्हा म्हणाले, "तुज्या आईचं धरलं न्हाई. मग माजं कशाला धरायचं?"

अशी वर्षं गेली. माझं लग्न झालं, मी नर्स झाले, घर झालं, दारात स्कूटी आली. अप्पा शेवटच्या दुखण्यात माझ्याकडंच होते. नवे पाळक घरी आले, पोरगेलेसे, गोड बोलणारे. त्यांनी टेबलावर पांढरा रुमाल अंथरला, थाळी मांडली. अप्पांनी विचारलं, "साहेब, बायकोला मी भाकर दिलती. दीक्षा झाली नसताना. ती तुमी धरता का?" मी त्या तरुण माणसाकडं बघत राहिले. एक हो म्हणायला काय जात होतं त्याचं? तो म्हणाला, "मला वरिष्ठांना विचारावं लागेल. कळवतो." अप्पांनी मान हलवली आणि तोंड मिटून घेतलं. ते तसेच गेले, काही न घेता.

आई तिकडं नांदेड जिल्ह्यात, अप्पा इकडं लातुरात. तुम्ही विचारता, गावाकडं कधी येणार. येईन. पण मला घर म्हटलं की गाव दिसत नाही आणि लातूरही दिसत नाही. आईचं अंथरूण, भाकरी मोडणारे अप्पा आणि तोंडातला तो तुकडा, एवढंच दिसतं. त्या जेवणातली आता मी आणि थकलेल्या मार्थाकाकूच उरलो आहोत. ते धरलं की नाही, हे अजून कुणी कळवलेलं नाही.