न मिळालेल्यांची यादी

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना मी आमच्या सरांच्या प्रकल्पात माहिती गोळा करायचं काम घेतलं. छोटे कारखानदार काही नवीन शोधून बघणार असतील तर सरकार त्यांना संशोधनासाठी अनुदान देतं. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत ज्यांना ते मिळालं त्यांचं पुढे काय झालं, किती हातांना काम मिळालं, किती माल बाजारात गेला, हे मोजायचं होतं.

सरांनी पहिल्याच दिवशी मला दोन याद्या दिल्या. एक मिळालेल्यांची. दुसरी न मिळालेल्यांची, म्हणजे ज्यांनी अर्ज केला, जे सरकारच्या पहिल्या निवडयादीत आले आणि शेवटच्या यादीतून गळले त्यांची. मी विचारलं, ज्यांना काही दिलंच नाही त्यांच्याकडे जाऊन काय मोजायचं?

"जे मिळालेल्यांचं झालं ते कदाचित तसंही झालं असतं," सर म्हणाले. "म्हणून त्यांच्यासारखाच, पण न मिळालेला माणूस शोधायचा. त्याचं जे झालं ते वजा करायचं. उरेल तो अनुदानाचा परिणाम. आणि एक लक्षात ठेव, कोण कोणत्या यादीत आहे हे कुणालाही सांगायचं नाही. सांगितलं की माणूस वेगळी उत्तरं देतो. मग तो फॉर्म बाद."

मी मान हलवली. खोलीवर आल्यावर मात्र मला माझी चुलत बहीण आठवली. शिरपूरकडच्या आमच्या गावात आम्ही एका बाकावर बसायचो. दहावीला आमच्यात दोन मार्कांचा फरक होता. मला शहरात पाठवलं, तिला नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. सुट्टीत गेले की ती मला चुलीपुढे बसलेली दिसते आणि मी तिच्याकडे फार वेळ बघू शकत नाही. सरांनी सांगितलेलं मला लगेच समजलं होतं, ते बहुतेक त्यामुळे.

मिळालेल्यांच्या यादीतली घरं सोपी गेली. धुळ्याजवळच्या एका शेडमध्ये केळीच्या खोडातून धागा काढायची मोठी मशीन निळ्या ताडपत्रीखाली उभी होती. मालक चहा पाजून म्हणाला, "सीझनला चालू असते." ताडपत्रीच्या घड्यांत चिमण्यांनी घरटं केलेलं होतं. मी फॉर्मवर त्यानं सांगितलं ते लिहिलं. याच मशीनची जोडी लावायला मला चोपडा तालुक्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे जायचं होतं. त्यांचा अर्जही धागा काढायच्या मशीनचाच होता, पण रोलर त्यांनी स्वतः आखलेला, धागा कमी तुटावा म्हणून.

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया, चार दिवसांवर आली होती. फाट्यावर उतरून केळीच्या बागांमधून चालत गेले. दुपारी बागेत पान हलत नव्हतं. शेड दिसायच्या आधी मला माणसांचा आवाज ऐकू आला. कुणीतरी भांडत असावं असं वाटलं. दारात पोचले तर भांडण नव्हतं. दोन बाया बसून खोडाच्या पट्ट्या बोथट पात्यानं खरवडत होत्या आणि तिसरी, डोक्यावर पदर घेतलेली तरुण बाई, धाग्याच्या जुड्या बांधत होती. बोलत होत्या साधंच, कुणाच्या लेकी आखाजीला आल्या, कुणाच्या यायच्या आहेत. पण बोलत होत्या ओरडून.

"माय, वहाना बाहेर काढी टाक!" आतून ते म्हातारे गृहस्थ ओरडले. सगळे त्यांना आबा म्हणत होते. "आठे मशीन शे!"

मी चपला काढल्या आणि आत बघितलं. शेडच्या मधोमध मशीन नव्हती. जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं आखलेला लांबट चौकोन होता, घराचा पाया खणायच्या आधी आखतात तसा. रेषा ठसठशीत होत्या. चारही कोपऱ्यांवर हळदीकुंकू होतं. आत जमीन सारवलेली, पण त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. एक बाई चौकोनाच्या या टोकाला बसली होती, जिथून खोड आत घालतात. दुसरी त्या टोकाला, जिथून धागा बाहेर येतो. दोघी जवळ बसल्या असत्या तर पट्टी हातोहात देता आली असती; मधे इतकी जागा सोडायचं काही कारण नव्हतं. भिंतीवर लोखंडी मेन स्विच होता, खटका वर, म्हणजे चालू केलेला. त्यातून निघालेली जाड वायर छतावरून येऊन चौकोनावर लोंबत होती. तिच्या टोकाला काळी पट्टी गुंडाळलेली होती.

मी आबांकडे सरळ जाऊ लागले, तशी एक बाई किंचाळली, "मधमा नको जाऊ! गोल फिरीसन ये!"

मी दचकून मागे सरले आणि भिंतीला धरून गेले. मला अजून सांगता येत नाही की मला तेव्हा नेमकी कशाची भीती वाटली. हाताला काहीतरी लागेल असं वाटलं खरं.

"घाबरनी पोर," ती बाई हसली. "आबानी मशीन भारी शे. लाईट गयी तरी चालूच राहास!"

"हास तू," आबा म्हणाले. "हात सापडना म्हंजे समजी."

मी फॉर्म काढला. काम करणारे किती? चार, आबा धरून. माल जातो का? जातो, दोऱ्या आणि दावी, चोपड्याच्या बाजारात. मी प्रश्न विचारत होते आणि पाचव्या की सहाव्या प्रश्नाला माझ्या लक्षात आलं की माझा घसा दुखतोय. मीसुद्धा ओरडत होते.

आबांनी सांगितलं ते असं. काही वर्षांपूर्वी पहिल्या यादीत त्यांचं नाव आलं, तेव्हा आखाजी आली होती. इतका चांगला दिवस परत कधी मिळणार म्हणून त्यांनी त्याच दिवशी जागा आखली, नारळ फोडला, बायांना कुठे बसायचं ते शिकवलं. पाचोऱ्याच्या एका जिनिंगमध्ये, कापसाच्या मशीनच्या आवाजात, त्यांची उमर गेली होती. मशीनजवळ कसं वागायचं, मोठ्यानं बोलायचं, मधून जायचं नाही, ते त्यांनी सगळ्यांना आधीच लावून दिलं. मग शेवटची यादी लागली म्हणतात, ती त्यांना कुणी दाखवली नाही. नाही म्हणून कागदही आला नाही. आखाजीला सुरू केलेलं काम आपल्या हातानं कोण मोडणार? दर आखाजीला ते फक्की नवी मारतात. यंदाची चुन्याची पिशवी कोपऱ्यात आणून ठेवलेली होती.

"तू सरकारकडथून उनी ना?" ते माझ्याकडे वाकून ओरडले. "कागद उना का?"

"नाही आबा, मी फक्त माहिती घ्यायला आलेय," मी ओरडले, आणि फॉर्मवर बघू लागले. फॉर्मच्या कोपऱ्यात यादीचा आकडा होता. दोन.

पाणी प्यायला बाहेर आले तर ती पदरवाली बाई माझ्यामागे आली. ती आबांची सून. नवरा सुरतेला होता. बाहेर आल्याबरोबर तिचा आवाज एकदम खाली आला, इतका की मला तो दुसऱ्याच कुणाचा वाटला.

"ताई, त्या भिंतीला काय टेकवलंय बघितलं?"

मी बघितलं होतं. दोन हातमाग, उभे करून ठेवलेले.

"मी शिकून आलेय. धाग्याच्या चटया विणते. जळगावचा एक व्यापारी परवा येणार आहे. माग लावलेले, चालू दिसले तर वर्षाचं काम देणार, नाहीतर दुसरीकडे जाणार. लावू कुठे? शेडमध्ये जागा तेवढीच आहे, आणि तिथे मशीन आहे."

"तुम्ही आबांना सांगा ना, वहिनी."

"सांगून थकले. ते म्हणतात, कागद दाखव. ज्याच्या हातात कागद त्याचंच ऐकतात." ती माझ्या फॉर्मकडे बघत होती. "तुम्हाला माहीत आहे ना? तिथे लिहिलेलं आहे ना?"

मी फॉर्म उलटा धरला. सांगितलं तर फॉर्म बाद होणार होता आणि धुळ्याच्या मशीनला दुसरी जोडी नव्हती. शिवाय मला वाटत होतं, एका म्हाताऱ्या माणसाला हे सांगणारी मी कोण? आतून आबांचा आवाज आला, "चुना ली ये व माय, आज लगेच मारी टाकूत!" आखाजीपर्यंत न थांबता ते आजच रेषा नव्या करणार होते. कदाचित मी आले म्हणूनच. ते ऐकून वहिनी जागची हलली नाही. तिनं फक्त हंड्यावरचं झाकण नीट केलं.

मी आत गेले. भिंतीकडून, गोल फिरूनच.

"आबा, शेवटच्या यादीत तुमचं नाव नाही," मी म्हणाले. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला परत ओरडून सांगावं लागलं. "नाव नाही! तेव्हाच नव्हतं! आता येणार नाही!"

दोन्ही बायांची पाती थांबली.

"मंग तू मन्हाकडे काबर उनी?"

मी यादी त्यांच्या हातात दिली. सरांनी सांगितलेलं जमेल तसं त्यांना सांगितलं. ज्यांना मिळालं त्यांच्याशी ताडून बघायला न मिळालेला माणूस लागतो. त्यांनी चष्मा लावून आपलं नाव शोधलं, त्यावर बोट ठेवलं, आणि वर यादीचं शीर्षक वाचलं. दोनदा वाचलं.

"म्हंजे ज्यासले भेटनं त्यासमा मी नही, तरी तुमले लागस," ते म्हणाले. हे ते ओरडून बोलले नाहीत.

मग ते उठले. कडेकडेनं भिंतीपाशी गेले आणि मेन स्विचचा खटका धरला. तो गंजलेला होता. दोन्ही हातांनी ओढल्यावर कट्ट असा आवाज करून खाली आला.

शेडमध्ये शांतता झाली. काहीच चालू नव्हतं, मग काय थांबलं ते मी सांगू शकत नाही, पण माझ्या कानांना ते जाणवलं. बाहेर बागेत एक पक्षी बोलत होता, तो बहुतेक मघापासून बोलत असणार. बाईनं पातं परत खोडावर ठेवलं आणि खरवडण्याचा बारीक आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला. दुसरी बाई तिला काहीतरी म्हणाली, हळू. म्हणून झाल्यावर तिनं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

वहिनी दारात उभी होती. आबांनी तिला हातानं माग दाखवला. ती आणि दुसरी बाई, दोघींनी मिळून एक माग उचलला, रेषेपर्यंत आणला आणि तिथे थांबल्या. आबांनी पायानं चुना थोडा पसरवला, दाराएवढी जागा केली. मग त्या आत गेल्या.

मी फॉर्म दुमडून पिशवीत ठेवला. सरांना काय सांगायचं याचा विचार करत, सगळ्यांचा निरोप घेऊन निघाले, आणि चपलांकडे जाताना भिंतीला हात लावून लांबच्या बाजूनं वळले.

"सरळ जाय, माय," मागून आबा हळूच म्हणाले. "आते ती बंद शे."