स्कॅनरसमोर आलेली माणसं

“पोरगी हुशार आहे रे. पण स्वल्प पण बोलत नाही. साइटवर घसा लागतो. महिनाभर बघू, नाहीतर ऑफिसातच बसवू.”

आमचे टीमप्रमुख गायकवाड अण्णा व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसून हर्षदला हे सांगत होते. अण्णांच्या कैक पिढ्या बंगळुरातच गेलेल्या, हर्षद पुण्याहून आलेला. पोरगी म्हणजे मी. मी मागच्या बाजूला ट्रायपॉड काढत उभी होते. दोघांना वाटलं, मी अजून चहाच्या गाडीवरच आहे.

आमचं काम जुन्या इमारतींची थ्रीडी नोंद ठेवायचं. स्कॅनर ट्रायपॉडवर गोल फिरतो, लेझरने भिंती, खांब, छत मोजतो आणि असंख्य ठिपक्यांमधून तीच इमारत कॉम्प्युटरवर पुन्हा उभी राहते. उद्या ती पडली, तरी तिचं माप शिल्लक. अट एकच, तो फिरताना समोर माणूस नको. आला, तर त्याचं भूत उमटतं. ती भुतं पुसायचं काम माझं. नागपूरहून लग्न करून इथे आले, नोकरी लागली. पहिल्याच दिवशी नवऱ्याने विचारलं, “काय केलंस दिवसभर?”

“अकरा माणसं पुसली.”

जेवताना तो जरा लांबच बसला.

पण मला स्क्रीनवरचे ठिपके पुरत नव्हते. खांबाला हात लावून बघायचा होता. मला साइट हवी होती. शिवाय जुन्या इमारतीत पारवे शिरतात तसे साइटवर किस्से शिरतात. एकाला हुसकावलं, की दुसरा येऊन बसतो.

*

बसवनगुडीतल्या एका बंगल्याचे मालक रिटायर्ड हेडमास्तर. अण्णांनी कन्नडमध्ये तीनदा समजावलं, हा फोटो नाही, मोजमाप आहे, समोर येऊ नका. “सरी, सरी,” म्हणजे ठीक, ठीक, म्हणत ते आत गेले.

संध्याकाळी मी स्कॅन उघडला. मास्तर दिवाणखान्यात उभे. जेवणघरात उभे. जिन्यावर उभे. सगळीकडे कोट घालून, ताठ. जिन्यावर तर हातात काठीसुद्धा.

मी पुसत गेले. मागून अण्णा म्हणाले, “जिन्यावरचे राहिले की.”

मी नुसती मान हलवली. तिथे ते शोभत होते.

*

वेगवेगळ्या जागांवरून केलेले स्कॅन नीट जुळावेत म्हणून आम्ही सहा पांढरे गोळे मांडतो. काम संपेपर्यंत ते जागचे हलता कामा नयेत. हेब्बाळजवळच्या एका छोट्या देवळात झाडलोट करणाऱ्या अज्जींना अण्णांनी हे बजावून सांगितलं आणि आम्ही जेवायला गेलो.

परत येऊन बघतो तर प्रत्येक गोळ्याला हळदकुंकू, वर एकेक जास्वंदीचं फूल. हर्षद कपाळाला हात लावून पायरीवर बसला. अज्जी शांतपणे काहीतरी म्हणाल्या. अण्णांनी खाली मान घालून आम्हाला मराठीत सांगितलं, “त्या म्हणतात, हलवायचे नाहीत म्हणालात ना? म्हणजे प्रतिष्ठापनाच झाली की.”

फुलं बाजूला करून स्कॅन झाला. पण आता गोळे उचलायचे कसे? शेवटी अण्णांनी नारळ फोडला, यथासांग उत्तरपूजा झाली, तेव्हा कुठे सहाही जण व्हॅनमध्ये आले.

*

एका वकिलांच्या जुन्या घराची भिंत स्कॅनमध्ये कललेली निघाली.

वकीलसाहेब म्हणाले, “तुमचं मशीन वाकडं असेल.”

हर्षदने मशीन तपासून पुन्हा लावलं. भिंत तेवढीच कललेली.

“मग जमीन वाकडी असेल.”

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. “इतकी वर्षं सांगतेय, त्या भिंतीवर तसबीर सरळ राहत नाही. तेव्हा म्हणे खिळा वाकडा होता.”

पुढच्या आठवड्यात भिंतीला टेकू लागला.

*

या सगळ्यात मी साइटवर किती बोलले? एक अक्षरही नाही. आणि महिना संपत आला होता.

जुन्या पेठेतलं एक छत्र, म्हणजे एकेकाळची यात्रेकरूंची धर्मशाळा, आता लग्नाला देतात. दुसऱ्या दिवसापासून छत उतरवायचं काम सुरू होणार होतं. कोरीव लाकडी खांब आहेत तसे टिपायचे, तर आजच. पण सकाळी लग्न आणि दुपारनंतर रिसेप्शनसाठी खांबांना कापड गुंडाळणार. मधला एक तास आमचा.

लग्न लागलं, पण हॉल रिकामा होईना. पाहुणे खुर्च्यांवर बसून. अण्णांनी कन्नडमध्ये विनवलं, हर्षदने हिंदीत, मग इंग्रजीत. लोकांनी सहानुभूतीने पाय जरासे आत घेतले. अर्धा तास गेला. कापडाचे गठ्ठे घेऊन डेकोरेशनवाले दारात आले.

“गेलं आजचं,” अण्णा म्हणाले.

मी मघापासून बघत होते. मागच्या अंगणात केळीची पानं मांडलेली, आचारी दारात ताटकळलेले आणि नवऱ्या मुलाकडची मंडळी जागची हलत नव्हती. माझ्या लग्नातही हेच झालं होतं. वरपक्ष बोलावण्याची वाट बघत बसला, आमच्याकडच्यांना वाटलं, भूक लागली की येतील. भात गार झाला. तो गार भात मला सासरी अजून ऐकावा लागतो.

मी सेफ्टी जॅकेट काढून हर्षदच्या हातात दिलं. माझ्या हातात अजून लग्नाचा हिरवा चुडा होता. मुलाकडच्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईंसमोर वाकले, हात जोडले आणि मला येणारं एकमेव कन्नड वाक्य हळूच म्हटलं, “अज्जी, ऊटक्के बन्नी.” आजी, जेवायला चला.

अज्जी उठल्या. त्यांच्यामागे सुना उठल्या, सुनांमागे मुलगे आणि मग अख्खा हॉल. वरपक्षाला वाटलं, मी मुलीकडची. वधूपक्षाला वाटलं, मुलाकडची. दोन मिनिटांत पंख्यांची घरघर ऐकू यायला लागली.

हर्षदने स्कॅनर लावला. आम्ही तिघं जागा बदलत दाराआड, खांबाआड लपत राहिलो आणि पंगत उठायच्या आत एकूण एक खांब टिपून झाला. एकही भूत नाही.

व्हॅनमध्ये सामान भरताना अण्णांनी सहाही गोळे मोजून पेटीत ठेवले. मग म्हणाले, “उद्या साडेसातला मल्लेश्वरमची साइट. तू पण ये, आणि यापुढे प्रत्येक साइटला.” पेटीचं झाकण लावत म्हणाले, “एवढ्या दिवसांत बोलली नाहीस. आजच कसं गं तोंड उघडलंस?”

मी ट्रायपॉड आत ठेवला.

“व्हॅनचं मागचं दार उघडं असलं, की पुढच्या सीटवरचं सगळं ऐकू येतं, अण्णा.”