‘नको’चा चौकोन

वॉर्डात ती सगळ्यांचीच मावशी होती. डॉक्टरांची, नर्सची, पेशंटची आणि त्यांच्या नातेवाइकांचीही. नवरा गेला तेव्हा मुलगी दीड वर्षाची होती. बाटल्या धुण्याच्या कारखान्यात हात सोलवटून घेण्यापेक्षा बरं, म्हणून ती इस्पितळात आया म्हणून लागली. माणसांना अंघोळ घालण्यात, कूस बदलण्यात, चादरीच्या सुरकुत्या काढण्यात सत्तावीस वर्षं कधी सरली ते तिलाही कळलं नाही. नर्स तक्ते वाचायच्या, मावशी चेहरे वाचायची.

खिडकीजवळच्या खाटेवर ड्रायव्हरकाका होते. तीस वर्षं बस चालवलेला, तापट, दणदणीत आवाजाचा माणूस. आजारानं आधी हात नेले, मग पाय, मग आवाज. हलायचे फक्त डोळे आणि भुवया. डोकं मात्र लख्ख होतं, आणि तेच सगळ्यात वाईट, असं मावशीला वाटायचं. काकू, म्हणजे त्यांची बायको, रोज चार वाजता यायची आणि पाच वाजेपर्यंत त्यांचा हात धरून बसायची.

एके दिवशी एका कंपनीची तरुण इंजिनिअर बाई डोळ्यांनी बोलायचं यंत्र घेऊन आली. खाटेसमोर स्टँडवर पडदा, पडद्यावर बारा चौकोन. एखाद्या चौकोनाकडे दोन सेकंद बघितलं की यंत्र ते वाक्य बोलायचं. काकांनी पहिल्याच दिवशी बघितलं आणि यंत्र म्हणालं, “कृपया मला पाणी द्या.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकू मात्र डोळे पुसता पुसता हसली. “कृपया म्हणे! जन्मात कधी म्हणाले नाहीत हो.”

दुसऱ्या दिवशी चारला पाच कमी असताना यंत्र बोललं, “मला दुखत आहे.” नर्सनं लगेच इंजेक्शन दिलं. काकू आली तेव्हा काका गाढ झोपलेले. ती तासभर बसली आणि उठून गेली. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी काकांनी पडदा समोर येताच डोळे घट्ट मिटले आणि तो हलवेपर्यंत उघडलेच नाहीत. ‘रुग्ण सहकार्य करत नाही,’ असा शेरा कागदावर पडला. इंजिनिअर बाईनं हात टेकले आणि यंत्र परत न्यायची तयारी सुरू केली.

मावशीला ते काही पटेना. रोज त्याच वेळेला दुखतं? दुखणं काय घड्याळ बघून येतं? दुपारी काकांना एक्स-रेला नेलं तेव्हा ती स्टँडची वायर गुंडाळणाऱ्या बाईजवळ गेली.

“ताई, जरा या खाटेवर आडव्या व्हा.”

“मी?”

“तुम्हीच. चपला काढा, आणि मान अजिबात हलवू नका.”

बाई संकोचत आडवी झाली. मावशीनं पडदा रोजच्या जागी ओढला.

“आता दाराकडे बघा. कोण येतंय ते बघायचंय, असं समजा.”

वॉर्डाचं दार पडद्याच्या उजव्या कोपऱ्यामागे होतं. बाईची नजर तिथे गेली, आणि त्या कोपऱ्यातला चौकोन पेटला. “मला दुखत आहे,” यंत्र म्हणालं.

बाई उठलीच नाही. छताकडे बघत पडून राहिली. “ते काकूंची वाट बघत होते,” ती हळूच म्हणाली. “आणि आम्ही त्यांना झोपवत होतो.”

“आणि नको म्हणायची सोय कुठंय यात?” मावशी म्हणाली. “बाराही चौकोन मागण्याचे. माणूस काय नुसता मागतच असतो होय?”

मग दोन दिवस त्या दोघी काकांजवळ बसल्या. पडदा डावीकडे सरकवला. मावशी एकेक अक्षर म्हणायची, हवं ते आलं की काका भुवई उचलायचे. पहिला शब्द जुळला तो ‘नको’. दुसरं वाक्य ‘जेवलीस का’. तिसरं ‘गप्प बसा’, आणि ते पुढे राउंडला आलेल्या डॉक्टरांवर चांगलंच वापरलं गेलं. ‘कृपया’ काढून टाकलं. त्या दिवशी चार वाजता यंत्रानं काकूला जेवलीस का म्हणून विचारलं, आणि काकूनं दारातूनच उत्तर दिलं, “जेवले हो, जेवले.”

सात महिने काका बोलले. भांडलेसुद्धा. मग श्वास अपुरा पडायला लागला. गळ्याला भोक पाडून कायमचं श्वासाच्या मशीनवर ठेवायचं का, असं डॉक्टरांनी नीट समजावून विचारलं. काकांनी बघितलं. “नको.” डॉक्टरांनी आठवडाभर थांबून पुन्हा विचारलं, मग आणखी एकदा. तिन्ही वेळा तेच.

काकू वळली ती मावशीवर. “हा शब्द तुम्हीच दिलात त्यांना!”

मावशी भांडी ठेवायच्या खोलीत जाऊन कितीतरी वेळ भिंतीला टेकून उभी राहिली. इतक्या वर्षांत तिनं पुष्कळ मरणं बघितली होती, पण कुणाच्या मरणात आपला हात असल्यासारखं तिला कधी वाटलं नव्हतं. नऊ दिवसांनी, सकाळी, काका गेले. त्यांना शेवटची अंघोळ तिनंच घातली, कोमट पाण्यानं, घाई न करता. काकू बाहेर बाकावर बसून होती. तिनं मावशीकडे बघितलं नाही.

दोन महिन्यांनी काकू पुन्हा वॉर्डात आली.

“तुमच्यावर राग काढला मी,” ती म्हणाली. “आयुष्यभर त्यांनी मला विचारल्याशिवाय सगळं ठरवलं. हेही ठरवलं. त्यांचं त्यांनीच. एवढं मात्र बरं झालं.”

“मला अजून टोचतं,” मावशी म्हणाली.

“टोचू दे,” काकू म्हणाली. “मलाही टोचतं.”

इंजिनिअर बाईच्या यंत्रावर आता पहिला चौकोन ‘नको’चा असतो. नवं यंत्र लावायचं झालं की ती आधी मावशीला फोन करते, आणि कंपनीची माणसं दोन दिवस वॉर्डात नुसती बसून राहतात, काही न बोलता. मावशी त्यांना वाटेतून बाजूला व्हायला सांगते आणि चादरी बदलायला घेते.