दोर ताणला की नाना उठायचे

आमच्या नानांना एका मेलेल्या माणसाचा हुकूम हवा होता.
उभा जन्म तो मिळाला नाही.

आज दुपारी नाना गेले.

नाना म्हणजे माझे थोरले काका. सोयगावचे. विहिरीपलीकडं पाणी न बघितलेला हा माणूस मुंबईच्या गोदीत टगवर खलाशी झाला.

टग म्हणजे छोटी, पण लई ताकदीची बोट. मोठ्या जहाजाला दोर लावून गोदीत ओढून आणते. दोर टगच्या मागच्या हुकात अडकवलेला. कधी जहाजच टगला आडवं ओढायला लागलं, तर हुक सोडायचा. नाहीतर टग उलटते.

हुकापाशी नाना असायचे.
नियम एकच. सारंगानं ‘सोड’ म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही.

सारंग म्हणजे टगचा कप्तान. ते दाऊदभाई, टगचे मालकच समजा. नानांना पोहायला त्यांनीच शिकवलं.

नोकरी सोडून नाना शहरात छावणी भागात आमच्याकडं राहायला आले, ते एक खोड घेऊन. ताणलेला दोर दिसला की सोडायचे. धुण्याची दोरी, शेजारच्या बकऱ्या, काहीही.

“नाना, मेरी बकरी कायको छोडे?” मैमूनखाला गल्लीभर ओरडायची.
सगळे हसायचे. मीपण.

माझ्या लग्नात तर हद्द झाली. ऐन पंगतीत मांडवाची दोरी सोडली! कापड पाहुण्यांच्या डोक्यावर, वरणभातावर.

बाबा भडकले. “अहो नाना, अक्कल गहाण ठेवली का?”

 नाना तेव्हा पहिल्यांदा त्या दिवसाबद्दल बोलले.

“गोदीच्या तोंडाचा पूल उघडलेला व्हता. दोन्हीकडं माणसं खोळंबलेली. जहाजानं एकदम वेग घेतला अन् आमची टग आडवी झाली. मी दाऊदभाईच्या तोंडाकडं बघतोय. ते पुलाकडं बघतायत. दोर सोडला तर जहाज पुलावर जाणार. त्यांनी ‘सोड’ म्हटलंच नाय रे. मी थांबलो.”

टग उलटली. नाना पाण्यात फेकले गेले, म्हणून वाचले. दाऊदभाई केबिनमध्येच राहिले.

चौकशीत सगळे म्हणाले, तुझी चूक नाय, तू नियम पाळला.

“त्याच्यानंच तर झोप गेली,” नाना म्हणाले.

बाबा तिथंच खाली बसून रडले. त्या दिवसापासून आमच्या घरचं धुणं कठड्यावर वाळतं.

गेल्या आठवड्यात नानांना ॲडमिट केलं. सलाईनची सुई उपटायला लागले, म्हणून नर्सनं त्यांचा हात पट्टीनं पलंगाला बांधला. नाना हात खेचायचे, पट्टी ताणली जायची.

“दाऊदभाई, सोडू का?”

दिवसभर तेच.

“अहो नाना, मी आहे, सुमी!”
ओळखच नाही.

आज डॉक्टर म्हणाले, आता आपल्या हातात काही नाही. घरचे सगळे बाहेर उभे होते. मी पट्टीची गाठ सैल केली आणि टोक नानांच्या बोटांत दिलं.

दाऊदभाई कसे बोलायचे, मला कुठं माहीत! तरी म्हटलं,
“सोड रे. पुलाचं मी बघतो.”

नानांनी टोक ओढलं. हात छातीवर घेतला. झोपले. मी त्यांना इतकं शांत झोपलेलं कधीच बघितलं नव्हतं.

परत उठले नाहीत.

मेलेल्या माणसाच्या नावानं बोललेय मी. घरात कुणाला सांगितलं नाही, इथंच लिहितेय. भीती वाटतेय, खरंच.

जा नाना, सुखानं जा.
दाऊदभाई भेटले तर सांगा, हुकूम माझा होता.