सीटखालचा चोरस्विच

शेजारी गाड्यांचं वायरिंग करणारा असला की किस्से शोधावे लागत नाहीत, लोक ते ढकलत ढकलत दारात आणतात. वडवणीत माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून शिवअप्पांचं दुकान आहे. त्यांची रीत ठरलेली. बॉनेट उघडायच्या आधी विचारायचं, "काल गाडीला काय काय झालं?"

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एक गुरुजी आले. चावी फिरवली की गाडी नुसती टकटक करायची.

"काल? काल पूजा केली."

पूजा अशी, की बॅटरीचे क्लॅम्प काढून टर्मिनलला हळदीकुंकू लावलं आणि वरून क्लॅम्प आवळले! अप्पांनी पॉलिश पेपर फिरवला, गाडी सुरू. "गुरुजी, कुंकू बॉनेटला लावा. बॅटरीला नुस्ता नमस्कार लई झाला."

एका मामांची नवी गाडी फक्त आठवडी बाजारातच रुसायची. घरी ठणठणीत. मामा म्हणाले, "बाजारात नजर लागती हिला." मला राहवेना, दुकान टाकून मीही अप्पांबरोबर बाजारात गेलो. त्या गाडीत क्लच तळापर्यंत दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. अप्पांनी क्लचखाली हात घातला आणि पिशवीतून घरंगळलेला कांदा बाहेर काढला.

एका किराणावाल्याने अप्पांकडून सीटखाली चोरस्विच बसवून घेतला. तो बंद केला की चावी असूनही गाडी चालू होत नाही. आठवड्याभरात तो स्वतःच स्विच विसरला आणि गाडी ट्रॅक्टरला बांधून घेऊन आला.

"चोराच्या आधी मालकच घावला बघा," अप्पा म्हणाले. स्वतःच्या गाडीलाही त्यांनी तसाच स्विच लावलाय.

आणि हे गेल्या महिन्यातलं. अप्पांची गौरी नर्सिंग शिकली. बीडला अकराला मुलाखत होती, नोकरी लागली तर पुण्याला जायचं. घरात बापलेक दोघंच. नऊ वाजले आणि अप्पांचीच गाडी चालू होईना. बॅटरी बघितली, फ्यूज बघितले, रिले बदलला. एसटी निघून गेली. गौरी फाईल धरून उभी. मी दुकानाच्या दारातून बघत होतो.

शेवटी तीच म्हणाली, "अप्पा, काल गाडीला काय काय झालं?"

"काय न्हाई," अप्पा पाना पुसत म्हणाले.

गौरीने वाकून ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला. टक् असा आवाज आला. चावी फिरवली, गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

"विसरलो नव्हतो, पोरी," अप्पा मान खाली घालून म्हणाले.

"बसा शेजारी," ती म्हणाली. "गाडी मी चालवते."