कमळीच्या प्रकृतीसाठी कल्याणच्या हकिमाकडे

उमाबाई विनायक गद्रे, लग्नातल्या उखाण्यानंतर तुझे नाव मी आजच घेत आहे. तू गेल्यापासून आपली कमळी जेवत नाही, पेंगते, खोकते. ठाण्यातील प्रत्येक शेजारणीचे निदान एकच: "उष्णता!" म्हणून तुला मानवणारा गुलकंद, सब्जा आणि वाळ्याचे पाणी मी तिला नेमाने दिले. मुलगी सुकतच चालली. अखेर कल्याणहून तुझ्या दादाचा निरोप आला: तिला येथील हकिमास दाखवा, आणि खाडीकाठचे ते घर सोडून आमच्याकडे राहा. हकिमास दाखवीन, घर सोडणार नाही, असे मी स्पष्ट कळविले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तुझ्या हळदीच्या हाताचा ठसा आहे.

ठाण्याहून सकाळची गाडी सोयीची. बोगद्यापूर्वी खिडकी लावावी. आम्ही न लावल्याने माझे उपरणे कोळशाने माखले. कल्याणास टांग्याचे भाडे आधीच ठरवावे. आमच्या टांगेवाल्याने अर्ध्या वाटेतच उतरविले.

"घोडा दमलाय, रावसाब."

"मग भाडेही दमेल," मी म्हणालो. तो हसला, घोडा हलला नाही.

हकीम वृद्ध आणि असह्य रीतीने शांत होते. त्यांच्या मते देहात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार रस असतात.

"आमच्या वैद्यशास्त्रात तीनच दोष आहेत," मी सांगितले.

"ते तीन वैद्यबुवांकडे सुखानं राहोत, साहेब. पोरीला पांघरूण लागतं?"

"मुळीच नाही."

"नाना, ते तुम्ही काढून घेता," कमळी म्हणाली. "मला थंडी वाजते."

"तहान?"

"पुष्कळ," मी म्हणालो.

"नाही हो! तुम्ही पाजता म्हणून पिते."

हकिमांनी तिची नाडी सोडली. "गुलकंद कुणाला मानवायचा?"

"हिच्या आईस."

"आईचा मिजाज गरम, हिचा थंड आणि ओला. थंडीवर थंडी घालून आपण कफ पोसलात."

पिवळ्या पित्तावरचा आलूबुखारा त्यांनी बाजूस सारला. सुंठ, बडीशेप, पुदिना आणि दालचिनी एकेक करून कमळीस हुंगावयास दिली, मग पुडी बांधली. काळे पित्त म्हणे दुःखाने साचते; त्यावरच्या गावजबानाची पाने मात्र निराळी बांधून माझ्यापुढे ठेवली. मी रुग्ण नाही, असे मी बजावले. पुडी तिथेच राहिली.

"पण ओल्या भिंतीत औषध काय करील? आधी हवा बदला."

मागावे औषध, तर हे घर मागतात! तुझ्या दादाने यांना पढविले असावे, असा मला दाट संशय आला.

रात्री दादाच्या टेकाडावरील कोरड्या घरी कमळीने काढा घेतला. सकाळी ती आपण होऊन म्हणाली, "मामी, भूक लागली." किती साधी गोष्ट! त्यासाठी मी ठाण्यात काय काय केले होते.

सामान हलविण्यास मी एकटाच परतलो. तुझी गुलकंदाची बरणी घेतली. भिंतीवरील ठसा नेण्यासारखा नव्हता. त्याच्या बोटांतूनही ओल फुटली होती, आणि ते मी त्या दिवशी प्रथम पाहिले. दाराला कुलूप लावले. किल्ल्या घरमालकास परत केल्या.