मेल्यावर हसायचं

आमच्या गल्लीमागच्या बंद सूतगिरणीत शूटिंग चालू आहे. एका गाजलेल्या मारधाडीच्या सिनेमाच्या तिसऱ्या भागात नायकाचा मित्र मेला होता. आता त्या मित्राचाच वेगळा सिनेमा निघतोय. मेलेल्या माणसाचा असा पुळका आला की मला संशयच येतो. आता त्याच्याकडून आणखी काय काढून घ्यायचंय?

काल त्याच्या मरणाचा शॉट होता. गच्चीवरून पडला तो डमी, नटासारखेच कपडे घातलेला, पन्नाशीकडे झुकलेला माणूस. गाद्यांवरून उठायला त्याला बराच वेळ लागला. मग नट आला, कपाळाला रक्त लावून घेतलं, त्याच जागी डोळे मिटून पडला. शॉट संपताच दिग्दर्शक ओरडला, "आता हसा, साहेब!"

"मेल्यावर हसायचं कशाला?" मी शेजारी उभ्या असलेल्या मेकअपवाल्या बाईंना विचारलं.

"पद्धत आहे आमच्यात. मेल्याचा शॉट झाला की कॅमेऱ्यात बघून हसायचं. अपशकुन टळतो."

"आणि जो खरंच वरून पडला, त्याला नाही हसवत?"

बाई ब्रश पुसत म्हणाल्या, "त्याचा चेहरा कुठे दिसतो?"

मला काही हे पटेना. मरण काय चेहरा बघून येतं? की ज्याला कुणी हसवलं नाही, त्याच्याच मागे जातं?

जेवणाची सुट्टी झाली. कॅमेऱ्यावर कापड टाकून सगळे पांगले. खांबाआड फक्त मी. डमी कंबर धरून लंगडत कॅमेऱ्यासमोर आला. कुणी बघत नाही ना, याची त्याने खात्री करून घेतली, आणि त्या झाकलेल्या कॅमेऱ्याकडे बघून तो हसला.